डोंगर, कुंपण आणि आमची म्हैस

ठाण्यात फ्लॅटला ग्रिल बसवायचं म्हणजे एक फोन. मुरबाडकडच्या डोंगरउतारावर गुरांसाठी कुंपण घालायचं, तर आधी कातळाची मर्जी सांभाळावी लागते. हातभर मुरूम उकरला की पहार ठण्ण! गावातले तात्या म्हणाले, "शेठ, खांब कुठं लावायचा ते तुम्ही नका सांगू. डोंगर सांगतो."

त्यात मोजणीच्या नकाशातलं अंतर सपाट. तीस अंशांच्या चढावर नकाशातले 100 फूट जमिनीवर 115 भरतात. चढ संपायच्या आत तार संपली आणि ठेकेदार ढगांकडे बघू लागला.

खरी करामत घळीत झाली. दोन उंचवट्यांवरून त्यानं काटेरी तार अशी कचकचून ताणली, की पहिल्या पावसात माती सैल होताच घळीतला खांब अलगद वर आला. वाकून पाहिलं, तर खांबाखाली वीतभर हवा! कुंपणच खांबाला कडेवर घेऊन उभं. तात्यांनी घळीच्या तळाशी भलामोठा धोंडा पुरला आणि खांब त्याला तारेनं जखडला. कोपऱ्यांना तिरके टेके दिले. ताण सगळा तिथेच येतो.

कुंपणानं शेत खाल्ल्याचं ऐकून होतो, आमच्याकडे वाळवीनं कुंपण खाल्लं. मग मोक्याच्या जागी सिमेंटचे खांब आले, आणि मधूनमधून मोगली एरंडाचे दांडे. त्याला गुरं तोंड लावत नाहीत, एवढा एक गुण पुरे.

म्हैस मात्र नेमकी वरच्या अंगाला उभी राहते. तिथून साडेचार फुटी कुंपण तिला उंबरठ्याएवढं दिसत असावं. मान लांबवून ती पलीकडचं गवत खाते, अलीकडचं तेच गवत तुडवते आणि खाज सुटली की खांब वापरते. म्हणून चढाच्या बाजूला तारेची एक रांग वाढवली.

राहिला ओहळ. त्यावर तार ताणली, तर पुरातला पालापाचोळा अडकून सगळं कुंपणच वाहून जातं. तात्यांनी वेगळ्या तारेवर बांबूचा झाप सैल टांगला: पाणी आलं की झुलायचा, ओसरलं की परत जागेवर. म्हशीनं दोन दिवस शांतपणे पाहणी केली. तिसऱ्या दिवशी शिंगानं झाप उचलून बाहेर. धारेच्या वेळी त्याच वाटेनं आत!

तात्या खूश. "बघा शेठ, दार आपोआप लागतं."

गेटचं कुलूप पावसात गंजल्यापासून मीही तिथूनच जातो. वाकून.