आकड्यांना मत नसतं म्हणे

जातगणनेचा किंवा बायकांच्या रोजगाराचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं सार असं: खरं समाजशास्त्र मूल्यमुक्त, म्हणजे अभ्यासकाच्या बऱ्यावाईटाच्या मतांपासून अलिप्त असतं, जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनेच तसं सांगून ठेवलंय, आकड्यांना मत नसतं, ज्या समाजाचा अभ्यास करायचा त्यातलाच माणूस तटस्थ राहू शकत नाही, आणि ज्याला बाजू घ्यायची आहे त्याने मोर्चा काढावा, संशोधन करू नये. हे पुढे ढकलणाऱ्यांत माझे दोन जुने मित्र आहेत, म्हणून हा खटाटोप.

आधी वेबर. त्याच्या नावावर हे खपवणाऱ्यांनी त्याचा १९०४ चा निबंध उघडलेला दिसत नाही. सामाजिक वास्तव अफाट आहे आणि त्यातलं काय अभ्यासण्याजोगं हे आपल्या मूल्यांवरूनच ठरतं, असं त्यात स्पष्ट आहे. प्रश्न मूल्यांतून येणार, उत्तर मात्र पुराव्यावर उभं राहिलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. १९१७ साली म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना वर्गात राजकीय प्रवचनं झोडणाऱ्या प्राध्यापकांचा त्याने समाचार घेतला, आणि विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या पक्षाला अडचणीची ठरणारी तथ्यं मान्य करायला शिकवणं हे शिक्षकाचं पहिलं काम मानलं. मूल्यंच नसलेला संशोधक त्याने मागितला नव्हता.

आकड्यांना मत नसतं, हे मीही एके काळी छातीठोकपणे सांगायचो. मग विद्यार्थी असताना माण तालुक्यातल्या एका वाडीवर कुटुंब-पाहणीचे फॉर्म भरायला गेलो. गोठ्यात एक बाई म्हशीची धार काढत बसल्या होत्या. विचारलं, "मावशी, तुम्ही काय काम करता?" हात न थांबवता त्या म्हणाल्या, "म्या कुठं काय करतीया? घरीच असती की." मी ‘घरकाम’पुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. दूध डेअरीला जात होतं, खातं मालकांच्या नावावर. माझी बेरीज शेवटपर्यंत बरोबर होती. आकडा खोटा होता.

चूक माझी, पण रकान्यांचीही असते. राष्ट्रीय नमुना पाहणीत ९२ हा सांकेतांक म्हणजे फक्त घरकाम, आणि ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण, चारा, भाजी गोळा करणं, शिवणटिपण वगैरे. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे डोंगरातून मोळी घेऊन उतरणारी बाई सरकारदरबारी रिकामी. ही रेघ गणिताने आखलेली नाही, माणसांनी आखली आहे. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला ‘शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरून’ अशी पुस्ती जोडली गेली, तीही स्त्री-अभ्यासक मागे लागल्यावर. त्यांना बाजू होती, म्हणून तर वगळलेलं काम त्यांच्या नजरेत आलं.

आणि पट्टी लावली की तटस्थता आली असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले आठवावा. नाकाची रुंदी मोजून तो जातीची पायरी सांगायचा. मोजमापाला तोटा नव्हता.

‘त्यातलाच माणूस’ हा आक्षेप मला गंमतीचा वाटतो, कारण तो ठरावीक लोकांवरच घेतला जातो. जातीवर लिहिणाऱ्या ब्राह्मण अभ्यासकाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला हे तटस्थपणे कसं जमणार? १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जातीची उत्पत्ती जातीअंतर्गत विवाहाशी जोडणारा निबंध वाचला. मांडणी पटते की नाही ते विवाहांच्या नोंदी बघून ठरवता येतं. त्यासाठी लेखकाची जात लागत नाही.

उरला मोर्चाचा टोमणा. त्यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही: निष्कर्ष आधी ठरवून मुलाखती गोळा करणारे मी पाहिलेत, आणि त्यात माझ्या विचारांचेही होते. पण त्यावरचा उतारा इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधल्या प्रबंधात सापडतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे शिकत होत्या. पुढे नाझींच्या वंशधोरणाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते हेच. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडलेला असतो का, हा प्रश्न गुरूच्या मूल्यांतून आलेला होता. कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या आणि संबंध आढळत नाही असं लिहून दिलं. मूल्यं गुरूलाही होती, शिष्येलाही. निकाल कवट्यांनी दिला.

मित्रांनी विचारलं, मग तुझी ती मावशी कशी मोजायची? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत ‘काय काम करता’ असा एकच ठोकळ प्रश्न नव्हता. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येकात काय केलं ते भरायचं. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेलेला निघाला, करणाऱ्या पुरुषांचा ९७. मी त्या वाडीवर असा फॉर्म नेला असता, तर उजाडण्याआधीच्याच एखाद्या रकान्यात म्हैस आली असती.