गिधाडं टॉवरने नाही, गुरांच्या इंजेक्शनने मेली

आमच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर परत तो "सत्य लपवलं जातंय" वाला फॉरवर्ड टाकलाय. त्यात म्हणे गिधाडं मोबाईल टॉवरच्या रेडिएशनने संपली, डायक्लोफेनॅक (गुरांना टोचतात ते दुखण्यावरचं औषध, टोचलेलं ढोर मेलं की मढ्यातून गिधाडाच्या पोटात जातं) उगाच बदनाम केलंय कारण कंपन्यांना महागडी इंजेक्शनं खपवायचीयत, ती गोळी तर आपणपण खातो, तेव्हा गुरांसाठी मेडिकलमधून माणसांचंच इंजेक्शन आणा, स्वस्त पडतं. आणि गिधाडं गेली तर गेली, कुत्री आहेतच. एरवी सोडून दिलं असतं, पण मामांच्या गोठ्यात गुरं आहेत आणि खाली अंगठे देणारेपण बरेचसे गुरंवालेच.

टॉवरचं पटकन उरकतो. भारतात मोबाईलवरून पहिला कॉल झाला जुलै १९९५ मध्ये, तोही कलकत्त्याहून दिल्लीला. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात गिधाडं कमी झालेली नव्वदच्या दशकातच दिसायला लागली होती, तेव्हा खेड्यात साधा लँडलाईन मिळायची मारामार. आणि मुंबईत टॉवर काय कमी आहेत? तिथे घारी मजेत फिरतायत. रेंज फक्त गिधाडांनाच पकडते का?

आता "आपणपण खातो" हे. अरे आपण खातो म्हणून पक्ष्याला चालेल हे कुठलं लॉजिक? आपण गुडघ्यासाठी ५० मिलिग्रॅमची गोळी घेतो, शरीर ती काही तासांत बाहेर टाकतं. आपल्याकडच्या पाचेक किलोच्या गिधाडाला साधारण एक मिलिग्रॅमसुद्धा जीवघेणं ठरू शकतं. किडन्या बंद पडतात, रक्तात युरिक अ‍ॅसिड साठतं, चिरून बघितलं तर काळजावर, लिव्हरवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. २००४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या गिधाडांवर. अशी किडनी जाऊन मेलेली २५ गिधाडं तपासली, २५च्या २५ मध्ये डायक्लोफेनॅक. दुसऱ्या कारणाने मेलेली १३ तपासली, एकातही नाही. औषध दिलेल्या जनावराचं मांस पिंजऱ्यातल्या गिधाडांना घातलं, त्यातलीही बरीचशी तशीच मेली. टॉवरवाल्यांनी असं एक तरी काही दाखवावं.

"सगळ्या गुरांना थोडंच देतात" हेपण ऐकून झालंय. सगळ्यांना द्यावं लागतच नाही, माळावर टाकलेल्या एका ढोरावर डझनांनी गिधाडं उतरतात, त्यामुळे शंभरातलं एखादं ढोरसुद्धा एवढी घट व्हायला पुरतं असं गणित मांडून झालंय.

मला खरा राग आहे तो माणसांचं इंजेक्शन आणा या सल्ल्याचा. २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, मग लोक नेमकं हेच करायला लागले, माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून गुरांना टोचायच्या. म्हणून तर २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या पॅकमध्येच विकायचं असं ठरलं. आणि कंपन्यांचा कट? डायक्लोफेनॅकच्या जागी चालणारं, गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम आपल्याकडे कितीतरी कंपन्या बनवतात, कट करणार कोण आणि कोणाविरुद्ध?

फॉरवर्डमधली एक ओळ बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो: विजेच्या तारांचा शॉक लागूनही गिधाडं मरतात. विष घातलेलं मांस खाऊनही मरतात. पण म्हणून १९९२ ते २००७ मध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी होत नाहीत.

राहिली कुत्री. ती मढं गिधाडांसारखं साफ करत नाहीत, वर त्यांची संख्या वाढते आणि रेबीज येतो. २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला, गिधाडं गेल्यामुळे भारतात २००० ते २००५ मध्ये अंदाजे ५ लाख जादा माणसं मेली. कुत्री आहेतच म्हणे!

तर मामा, पुढच्या वेळी गाय लंगडली की इंजेक्शनवरचं नाव वाचा. मेलॉक्सिकॅम असेल तर बिनधास्त देऊ द्या. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक (हे गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं), कीटोप्रोफेन किंवा निमेसुलाइड असेल तर डॉक्टरला सरळ दुसरं मागा. आणि तो फॉरवर्ड आधी डिलीट करा.