पाच शेणी

कोल्हापुरात माणूस गेला, तर घरच्यांना सरणाचे पैसे मोजावे लागत नाहीत. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी आणि बापट कॅम्प या महापालिकेच्या स्मशानभूमींत शेणी (म्हणजे गोवऱ्या) आणि लाकूड महापालिका देते, दहनही विनामूल्य होते. इथेच वाढल्यामुळे मला ही गोष्ट नळाला पाणी येण्याइतकी स्वाभाविक वाटत असे. पुढे सासऱ्यांच्या वेळी एका दुसऱ्या शहरात स्मशानाच्या खिडकीपुढे उभे राहून, मागे नातेवाईक रडत असताना, लाकडाचा भाव ऐकून घेतला, तेव्हा आपल्या गावाने आपल्याला काय देऊन ठेवले आहे याची जाणीव झाली.

माझे वडील जुलै महिन्यात गेले. आठ दिवस पावसाने उसंत दिली नव्हती आणि नदी घाटाच्या पायऱ्या चढत होती. आम्ही सगळे नखशिखांत भिजलेलो असताना सरणावर रचलेल्या शेणी मात्र खडखडीत कोरड्या होत्या. मी त्यातली एक हातात घेतली तेव्हा तिच्यावर थापणारीच्या चार बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. वडिलांचे एक तालमीतले मित्र शेजारी उभे होते, ते हळूच म्हणाले, "उन्हाळ्यातल्या हाईत या. होळीला आलेल्या." त्या दुःखातही मला हे कळले की पावसाळ्यात शेणी वाळत नाहीत, त्यामुळे जुलैमध्ये जाणाऱ्या माणसाची सोय मार्चमध्येच कोणीतरी करून ठेवावी लागते. ती करणाऱ्याला ती कोणासाठी आहे हे ठाऊक नसते, आणि ज्याच्यासाठी केली त्याला ती कोणी केली हे कधीच कळत नाही.

ही सोय एकट्या महापालिकेच्या तिजोरीवर चालत नाही. होळीच्या सुमारास तालमी, तरुण मंडळे, गल्लीतले मित्रगट आणि बचत गटांच्या बाया शेणी गोळा करून स्मशानभूमीत पोहोचवतात. 'होळी लहान करा, पोळी दान करा' या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या आवाहनात कोल्हापूरने शेणीची भर घातली, आणि ती का घातली हे ज्याने इथली होळी पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही. टिमक्या बडवत पोरे दारोदार फिरायची, मागून मिळाले नाही तर परसातला हुडवाच, म्हणजे रचून ठेवलेला शेणींचा ढीगच, रिता करायची, आणि ज्या गल्लीची होळी माडीच्या खिडकीला लागेल ती गल्ली वर्षभर मिशीला पीळ देऊन हिंडायची. मीही त्या पोरांतला एक होतो, हे कबूल केलेले बरे.

वडील गेल्यानंतरच्या होळीला मी आमच्या मंडळाच्या बैठकीत शेणीदानाचा विषय काढला, तेव्हा तो सहज मान्य झाला असे अजिबात नाही. "सणात मसण आणू नका," असे एका ज्येष्ठांनी ठणकावले आणि त्यांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे नव्हते. घरात लग्न ठरलेले असताना स्मशानासाठी काही काढून द्यायला बायका कचरतात, हे खरेच आहे. पोरांचे दुखणे वेगळे होते: शेजारच्या गल्लीची होळी मोठी आणि आपली लहान, हे त्यांना सोसवेना. शेवटी ज्येष्ठांनीच तोड काढली. होळी पेटवायची, नैवेद्य दाखवायचा, बोंबही मारायची. पण होळीत फक्त पाच शेणी जातील आणि प्रत्येक घरातून आलेल्या बाकीच्या शेणी टेम्पोत चढतील. घरटी किती द्यायच्या, याचाही आकडा पाचच ठरला. दहा म्हटले असते, तर निम्म्या घरांनी 'बघू' म्हटले असते. यथाशक्ती म्हटले असते, तर कोणीच काही दिले नसते, असे माझे अनुभवान्ती मत आहे.

शहरातल्या फ्लॅटमध्ये शेणी कुठून येणार, हा प्रश्न मात्र रास्त होता. म्हणून आम्ही दोघे-तिघे गंगावेशीकडे गेलो. तिथे दूध कट्ट्यावर आजही म्हैस डोळ्यांपुढे पिळून धारोष्ण दूध मिळते, आणि म्हैस आहे तिथे शेण असणारच. एका मावशींनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "व्हळीला पायजेत का मसणाला? व्हळीला वल्या बी चालत्यात. मसणाला असतील तर मागच्या भित्तीच्या देते." दरात त्यांनी एक रुपया सोडला नाही. पैसे मोजून घेतले, पदराच्या गाठीला बांधले आणि मग आत जाऊन पाच शेणी आणून आमच्या ढिगावर ठेवल्या. आम्ही त्यांना आकडा सांगितलाच नव्हता; कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीनेही तोच ठरवला असावा.

मी या आकड्यावर इतका का रेंगाळतो आहे, तर 2019 च्या महापुरात मी याच्या उलटही पाहिले आहे. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली; 43 फुटांना नदी धोक्याची पातळी ओलांडते, यावरून अंदाज यावा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराची कोंडी झाली. त्या दिवसांत लोकांनी जे केले, त्याला तोड नाही. पण आमच्या मदत केंद्रावर नेटके झाले ते एकच काम. गल्लीतल्या फलकावर 'घरटी दहा चपात्या आणि वाटीभर सुकी भाजी, सकाळी दहापर्यंत' असे लिहिले होते आणि त्यात एक दिवसही खंड पडला नाही. पाणी ओसरल्यावर मदतीचा जो लोंढा आला, त्यात मात्र कोणी काय आणावे हे सांगणारे कोणी नव्हते. जुन्या कपड्यांचा डोंगर झाला, त्यात झिजलेल्या चपला आणि एक जरीची शेरवानीही निघाली, आणि तो डोंगर हलवायला आम्हाला चार दिवस लागले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांचे देणे मोजलेले नव्हते आणि ते ठेवायला जागाही नव्हती.

गणपतीच्या विसर्जनातही जागा नेमून दिली तेव्हाच काम झाले. नदीत मूर्ती सोडू नका, असे नुसते सांगितल्याने कोणी थांबले नसते. घाटावर पाण्याने भरलेली काहिली ठेवली, शेजारी निर्माल्याची जागा केली, तेव्हा माणसे थबकली. गूळ रटरटणाऱ्या काहिलीत बाप्पाला बुडवायचे म्हणून पहिल्यांदा नाके मुरडणाऱ्यांत माझी आईही होती. आज ती नातवंडांना घेऊन सर्वांत आधी काहिलीपाशी जाते. मंडळांच्या मोठ्या मूर्तींना इराणी खण, म्हणजे पाण्याने भरलेली जुनी दगडखाण, मिळाली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने तर याहून अवघड जागी हात घातला. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो मार्ग दाखवणारे परिपत्रक काढले. ठरावाने सगळ्यांची मने एका रात्रीत बदलली असतील, असे मी मानत नाही. पण ज्या सासूला सुनेच्या बांगड्या फोडवत नव्हत्या आणि भावकीपुढे तोंडही उघडवत नव्हते, तिला 'गावाचा ठराव आहे' असे म्हणण्याची सोय झाली.

आमच्या उपक्रमावर एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला की, लोकांनीच सगळे करायचे तर आपण घरफाळा कशासाठी भरतो? आक्षेप मला निम्मा मान्य आहे. रस्त्यावरचे खड्डे मुरूम टाकून आपणच बुजवावेत, या प्रकारच्या उत्साहाचा मी भोक्ता नाही. त्याने ज्याचे काम आहे तो मोकळा सुटतो. शेणीदानात मात्र तसे होत नाही. रात्री दोन वाजताही सरण रचणारे कर्मचारी, छप्पर, कोठार, पाणी हे सगळे महापालिकेने उभे केले आहे, म्हणून आमच्या पाच शेणींना अर्थ आहे. ते नसते तर आमचा टेम्पो रिकामा करायचा कुठे? तक्रार करायचीच तर ती फोटोंची करावी. दोनशे शेणींमागे चाळीस माणसे आणि पुढे फ्लेक्स, हे दृश्य अलीकडे वाढले आहे. आमचाही एक फोटो सापडेल, तो शोधू नये.

यंदा होळीच्या दिवशी टेम्पो भरून गेला आणि तीनशे चाळीस शेणी मागे राहिल्या. त्या आमच्या बोळातल्या जिन्याखाली ताडपत्रीने झाकून ठेवल्या आहेत. वळीव कधी गाठेल याचा नेम नाही आणि एकदा भिजल्या की त्या कामातून गेल्या. रविवारी सकाळी सात वाजता टेम्पो येणार आहे. बोळ अरुंद असल्याने हातोहात साखळी करावी लागेल, त्याला किमान बारा माणसे हवीत. सध्या सात आहेत. येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावे. चहाची सोय केली आहे.