आवक-जावक

भाचीने आधी फोन करून विचारलं होतं, "तुमचं संग्रहालय व्हीलचेअर-फ्रेंडली आहे ना?" पलीकडून उत्तर आलं, "हो मॅडम, आमचा सगळा स्टाफ एकदम फ्रेंडली आहे." यात खोटं काही नव्हतं, हे मला त्या दिवशी संध्याकाळी मान्य करावं लागलं.

लहानपणी पोलिओ झाला. मग चाळीस वर्षं कुबड्या आणि गेली बारा वर्षं खुर्ची, एवढ्या प्रवासात मी एक गोष्ट शिकले आहे. 'रॅम्प आहे' असं कुणी सांगितलं की पुढचे प्रश्न विचारायचे. कुठे आहे, किती लांब आहे, त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत का, आणि वरच्या टोकाला दार आहे की भिंत. भाचीने यातलं काही विचारलं नाही. ती चित्रकलेची विद्यार्थिनी. समोरचा बोलतो त्यात अर्थ असतो असं तिला अजून वाटतं.

तर मुंबईतलं हे समकालीन कलेचं संग्रहालय. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी शेवटी चहा पाजला.

दारात तीन पायऱ्या. फार नाहीत, तीनच. 'तीनच तर आहेत' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा शिक्का करून घ्यावा. सहा इंचाची एक, म्हणजे अठरा इंच. उताराचा साधा हिशेब एकास बारा असा असतो, म्हणजे अठरा इंच चढायला अठरा फूट लांबीचा रॅम्प हवा. "रॅम्प आहे ना," म्हणत दारावरच्या मुलाने कोपऱ्यातून एक फळी ओढत आणली. पाच फुटांची. तिच्यावरून वर जाण्यापेक्षा खाली येणं जास्त सोपं दिसत होतं, आणि तेसुद्धा एकदाच.

तोवर चार-पाच जण बाह्या सरसावून जमले. "मॅडम, उचलून घेतो की! तुमचं वजन ते काय असणार!" उचलणारी माणसं मनाने सोन्यासारखी असतात, पण ती हमखास खुर्चीच्या हातांना धरतात. माझ्या खुर्चीचे हात निघतात. मागे एका लग्नात दोन्ही हात त्यांच्या हातात राहिले आणि मी मंगल कार्यालयाच्या पायरीवर. शिवाय उचलताना गर्दीतला एक जण 'मोरया' म्हणतोच. मी स्पष्ट सांगितलं, विसर्जन नको.

मग कुणाला तरी आठवलं. "मागे मालाचं गेट आहे ना! मूर्तीबिर्ती तिथूनच आत जातात."

आणि काय सांगू! मागे असा देखणा उतार होता की मला गहिवरून आलं. लांबलचक, गुळगुळीत, कडेला कठडा, वर छप्पर. माणसाने पायऱ्या चढाव्यात, पण ब्राँझच्या पुतळ्याला धक्का लागता कामा नये, हे ज्याने ठरवलं त्याचं मी मनोमन कौतुक केलं. निदान त्याने कुणाचा तरी विचार केला होता.

गेटवर टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरामागे खाकीतले एक गृहस्थ. "इथून जे आत जाईल त्याची नोंद लागते," ते म्हणाले.

आता हे माझं माहेर. एका सरकारी कार्यालयात मी अठ्ठावीस वर्षं आवक-जावक बारनिशीला काढली आहेत. रजिस्टर उघडल्याचा आवाज आला की निवृत्तीनंतरही माझा हात पेन शोधतो. मी मान लांब करून रकाने वाचले. अनुक्रमांक, तपशील, नग, कोणाकडून, परत जाणार की कसे, स्थिती, शेरा. आखणी चांगली होती. गृहस्थांनी तपशिलात लिहिलं, 'चाकांची खुर्ची बाईसह', आणि नगाखाली १.

"दादा, 'बाईसह' तपशिलात येत नाही. शेऱ्यात येतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाणकार माणूस ओळखला, आणि निमूटपणे शब्द खोडून शेऱ्यात नेला. "परत जाणार?"

"आजच."

"स्थिती?"

"वापरलेली," मी म्हटलं. भाची भिंतीकडे तोंड करून हसत होती.

मालाची लिफ्ट आमच्या डोंबिवलीच्या पहिल्या खोलीपेक्षा मोठी होती. शेजारी एक लाकडी खोकं उभं होतं. त्यावर वर जाणारा बाण, फुटक्या काचेच्या ग्लासाचं चित्र, छत्रीचं चित्र, 'आडवे करू नये'. लिफ्टवाल्याने पूर्ण प्रवासात त्या खोक्यावर मायेने हात ठेवला होता. माझ्या खुर्चीला ब्रेक आहे की नाही हे त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा, माझ्यावर छत्री छापलेली नव्हती.

वर पोचलो आणि कला सुरू झाली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल असं टांगायची पद्धत आहे. ती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या हिशेबाने. माझे डोळे त्याच्या फूटभर खाली. काचेतल्या चित्रांत मला मुख्यतः छतावरचे दिवे दिसले, आणि चौथऱ्यांवरच्या शिल्पांच्या बुडाचा माझ्याइतका अभ्यास त्या शहरात कुणाचा नसेल. चित्राखालची पाटी मात्र बरोबर माझ्या उंचीला, पण अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. जवळ जावं तर खुर्चीची पावलं ठेवायची पट्टी आधी भिंतीला जाऊन धडकते. तिसऱ्या धडकेला हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. दोघा-तिघांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला असावा, ते थांबून चौथ्या धडकेची वाट पाहू लागले.

मध्येच स्वच्छतागृह लागलं. दारावर खुर्चीचं निळं चिन्ह, दाराला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला. वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा आत एक शिडी, गुंडाळलेले फ्लेक्स, दोन वाळलेले ताड आणि 'कला सर्वांसाठी' असं लिहिलेला माणसाच्या उंचीचा पुठ्ठा. मी सवयीने भिंतीवर कलावंताच्या नावाची पाटी शोधली.

भाची मला समजावत होती की आजच्या कलेत वस्तू महत्त्वाची नाही, तिच्याकडे बघणं महत्त्वाचं. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. १९१३ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच माणसाने सायकलचं पुढचं चाक उलटं करून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, आणि मावशी, कलेचा इतिहास बदलला!

"हेच चाक त्याने स्टुलाच्या खाली लावलं असतं, तर आणखी बदलला असता," मी म्हटलं. मूळ वस्तू कुठे आहे विचारलं, तर ती हरवली म्हणे, नंतर त्याने पुन्हा केली. आवक नोंदच केली नसणार.

मग तिने मातिस या फ्रेंच चित्रकाराचं सांगितलं. १९४१ सालच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा बहुतेक वेळ अंथरुणात नाहीतर चाकांच्या खुर्चीत गेला, आणि रंगवलेले कागद कात्रीने कापून त्याने आयुष्यातली सर्वांत टवटवीत कामं तेव्हा केली. ऐकून बरं वाटलं. चित्र करायला खुर्ची चालते. बघायला जाताना मालाच्या गेटने जावं लागतं, इतकंच.

शेवटच्या दालनात माती होती. पूर्ण हॉलभर कोकणातली लाल माती पसरलेली, वीतभर जाड, वरून कंगव्याने भांग पाडावा तशी सारखी केलेली. भिंतीवर लिहिलं होतं की ही कलाकृती सर्व प्रकारच्या मर्यादांना प्रश्न विचारते. त्याखाली, प्रेक्षकांनी कृपया पिवळ्या पट्टीच्या आत येऊ नये.

तेवढ्यात शाळेची सहल आली. चाळीस मुलं, दोन बाई, चिंचोळी वाट. त्यांना जागा द्यायला भाचीने मला मागे ओढलं, आणि खालून 'भस्स' असा मऊ आवाज आला. मागची दोन्ही चाकं मातीत! ओढून बाहेर काढेपर्यंत कलाकृतीवर हातभर लांबीच्या दोन समांतर चाकोऱ्या उमटल्या होत्या.

कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले पहारेकरी काका सावकाश उठले. रत्नागिरीकडचे, निवृत्तीला आलेले. मी तोंडातल्या तोंडात माफी जुळवत होते, इतक्यात कॉलेजची दोन मुलं आली आणि चाकोऱ्यांसमोर थबकली.

"बघ ना, विकास कसा घुसतो जमिनीत," एक म्हणाला.

"नाही रे. ही बैलगाडी आहे. स्थलांतर," दुसरा म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून त्याने सहा फोटो काढले.

मी चार हातांच्या अंतरावर बसलेले. चाकं लालभडक. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. काकांनी पाहिलं, मग चाकांकडे पाहिलं, मग पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मुलं गेल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊं दे ताई. उद्या सकाळी दाताळ्याने ओढतो. रोज मीच ओढतो. आज जरा कायतरी झालं त्यात."

भाचीला राहवेना. न्यूयॉर्कमध्ये १९७७ पासून एका इमारतीच्या अख्ख्या मजल्यावर अशीच माती भरून ठेवली आहे, २२ इंच खोल, वॉल्टर डी मारिया नावाच्या कलावंताने. तिलाही दाताळ्याने सारखी करतात, पाणीसुद्धा घालतात, असं तिने काकांना सांगितलं.

"आणि पेरतात काय?"

"काही नाही."

काकांनी बराच वेळ विचार केला. "पाणी घालतात, आणि पेरत नाहीत?" एवढं बोलून ते न्यूयॉर्कबद्दल कायमचे गप्प झाले.

मग मला म्हणाले, "तुम्ही ते काळं चित्र बघितलंत?" बघितलं होतं. समोरच्या भिंतीवरचं, पुरुषभर उंचीचं, नुसतं काळं, रंगाचे जाड थर. सहलीतली एक बाई 'अंधार' म्हणून पुढे गेली होती. "तसं नाय. इकडे या, माझ्या खुर्चीच्या जागेला."

गेले. काळ्या रंगाच्या प्रत्येक वळीच्या पोटात, खालच्या बाजूला, निळा रंग होता. गर्द, ओला वाटणारा. हजारभर वळ्या आणि प्रत्येकीखाली तो निळा, पागोळ्यांखाली साठलेल्या संध्याकाळसारखा. वरून बघणाऱ्याला तो दिसायचाच नाही, वळीच त्याला झाकत होती.

"आठ तास बसून असतो ना मी," काका म्हणाले. "उभ्याने येणाऱ्यांना काळंच दिसतं. मोठेमोठे लोक येऊन गेले."

"मला नाही दिसत," भाची म्हणाली.

"खाली बस," काका आणि मी एकदमच म्हणालो. ती उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही.

निघताना पुन्हा मालाचं गेट. रजिस्टरवाल्या गृहस्थांनी खुर्ची पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि कपाळाला आठी घातली.

"हे काय लागलंय चाकांना?"

"माती."

"आत आली तेव्हा नव्हती."

नव्हतीच. कलाकृतीचा काही भाग नोंदीशिवाय बाहेर चालला होता, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही जाऊ दिला नसता. त्यांनी वर फोन लावला. काका एक वर्तमानपत्र आणि रंगाचा ब्रश घेऊन खाली आले. भाची चाक फिरवत होती, काका हलक्या हाताने माती झाडत होते, आणि मी आयुष्यात प्रथमच योग्य त्या काळजीने हाताळली जात होते. तेवढ्यात चहा आला. जमलेल्या मातीची पुडी बांधून काका वर गेले. गृहस्थांनी नोंद घातली, 'लाल माती, अंदाजे दोन चमचे, परत आवक.' 'अंदाजे' लिहिलं, तिथे त्यांनी मला जिंकलं.

मग जावक. चाकांची खुर्ची, नग १, स्थिती आली तशी. मी सही केली. आम्ही रस्ता ओलांडला, टॅक्सी मिळाली, खुर्चीची घडी घालून डिकीत ठेवली, आणि मागून धापा टाकण्याचा आवाज आला. गृहस्थ रजिस्टर उघडंच घेऊन धावत येत होते.

"मॅडम, थांबा! शेऱ्यात लिहायचं राहिलं. खुर्ची गेलेली दिसतेय, पण बाई अजून आतच आहे!"