गाडी खाली घ्या, पण चाकाला हलायला जागा ठेवा

नवी स्पोर्ट्स सेडान दारात उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात तिच्या मालकाचा प्रश्न येतो : "टायर आणि फेंडरच्या मधे अख्खी मूठ जाते राव, कितीने खाली घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. २५ मिलिमीटर, फार तर ३०. त्याहून खाली जायचं असेल तर नुसत्या स्प्रिंग बदलून जाऊ नका. हे उत्तर बऱ्याच जणांना घाबरट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिसण्यासाठी गाडी खाली घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. सेडानची खांद्याची रेषा, उतरतं छप्पर, लांब बॉनेट हे सगळं कागदावर काढताना डिझायनर चाकं मोठी काढतो आणि कमानी चाकांवर टेकवतो. रस्त्यावर येणाऱ्या गाडीत तो गॅप येतो तो पाच माणसं आणि भरलेली डिकी, फुटपाथची कड, बर्फाळ देशांत टायरवर चढवायच्या साखळ्या, अशा सगळ्या शक्यता कंपनीला सांभाळाव्या लागतात म्हणून. एकट्यादुकट्याने गाडी चालवणाऱ्याला त्यातलं बरंच काही कधी लागत नाही. तेवढी शिल्लक दिसण्यासाठी वापरली तर मी त्याला कधीच नावं ठेवणार नाही. माझी तक्रार "दिसायलाही भारी आणि हँडलिंगही आपोआप सुधारतं" या वाक्यातल्या "आपोआप"बद्दल आहे.

हँडलिंगचा हिशेब करून बघा. गाडी १६०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५४० मिमीवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५६० मिमी, आणि वळणावर बाजूला ओढणारा जोर ०.८ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.८ पट. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन सुमारे ४४३ किलो येतं. आता गाडी २५ मिमी खाली घ्या. तेच वजन सुमारे ४२३ किलो होतं. वीस किलोचा फायदा, पाच टक्क्यांच्या आतला. खरा आहे, फुकटचा आहे, पण चांगल्या टायरचा एक सेट याहून कितीतरी जास्त देतो. आणि स्प्रिंग कडक केल्याने हे सरकणारं एकूण वजन कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवा. कडक स्प्रिंगने बॉडी रोल, म्हणजे वळणावर गाडीचं एका बाजूला झुकणं, घटतो आणि पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी बदलते, एवढंच. गाडी सपाट राहिली की आपल्याला ग्रिप वाढल्यासारखी वाटते. वाटणं आणि असणं यातला फरक ओल्या रस्त्यावर कळतो.

आता मिळकतीची दुसरी बाजू. चाक वर जायला सेडानमध्ये साधारण ८० मिमी जागा असते असं धरा. गाडीगणिक आकडा बदलतो. त्याच्या पुढे रबराचा किंवा फोमचा बंप स्टॉपर, म्हणजे चाकाला आणखी वर जाण्यापासून अडवणारा ठोकळा. गाडी ४० मिमी खाली घेतली की निम्मी जागा गेली. तेवढाच खड्डा तेवढ्याच वेगात निम्म्या जागेत पचवायचा असेल तर स्प्रिंग चौपट कडक हवी, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग किती कडक असतात? बऱ्याचशा मूळपेक्षा २० ते ३० टक्के. २५ टक्के कडकपणाने भरून निघते ती ८० पैकी जेमतेम ८ मिमी. उरलेला सगळा भार बंप स्टॉपरवर पडतो. म्हणजे ४० मिमी खाली घेतलेली पुष्कळ गाड्यांची सस्पेन्शन खडबडीत रस्त्यावर बराच वेळ रबराच्या तुकड्यावर चाललेली असते, आणि मालक कौतुकाने सांगतो की गाडी आता टाइट झाली.

हे मी एका मित्राच्या गाडीत शेजारी बसून अनुभवलंय. ४५ मिमी खाली, नुसत्या स्प्रिंग, शॉकअप कंपनीचेच. गुळगुळीत रस्त्यावर गाडी खरोखर सुंदर चालत होती, स्टीअरिंग फिरवलं की नाक लगेच आत. डोंगराच्या उतारावर एका लांब डाव्या वळणात मधोमध उखडलेल्या डांबराचा पट्टा आला. उजवं पुढचं चाक आधीच दबलेलं होतं, त्यात धक्का बसला, खालून "ठक्" आवाज आला आणि गाडीचं नाक सरळ बाहेरच्या कडेला निघालं. बंप स्टॉपर पूर्ण दाबला गेला की त्या कोपऱ्यावर स्प्रिंग उरतच नाही, टायरवरचा भार एकदम उसळतो आणि पकड सुटते. मित्र हुशार ड्रायव्हर, त्याने ॲक्सिलरेटर हळूच सोडून गाडी आत घेतली. नंतर गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा दिसलं : शॉकअपचं धुळीचं कव्हर फाटलेलं, स्टॉपर चेपून चपटा, त्याच्या कडेला चकचकीत गोल घासटा. आणि दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, चाकाच्या बाजूला वर उचललेले.

त्या लोअर आर्मबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून इथे थोडा थांबतो. मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला वरून धरणारा, शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत लोअर आर्म चाकाकडे जाताना किंचित खाली झुकलेला असतो. वळणावर चाक वर सरकतं तेव्हा त्या झुकावामुळे चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो, निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या भागाचा आतला कल, वाढतो आणि झुकलेल्या गाडीतही टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतो. आर्म आडव्याच्या बराच वर गेला की उलटं घडतं. चाक वर सरकताना खालचा भाग आत ओढला जातो, कॅम्बर कमी होतो आणि टायर बाहेरच्या कडेवर चढतो. शिवाय रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली येतं. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे त्याच स्प्रिंगवर गाडी आधीपेक्षा जास्त झुकायला बघते. कडक स्प्रिंग तो झुकाव दाबून टाकते, म्हणून आपल्याला कळत नाही. टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि आर्म यांचे कोन जुळेनासे झाले तर बंप स्टीअर येतं : खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं, सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग हातात चुळबुळ करत राहतं. आर्मचा कोन परत आणायला लांब बॉल जॉइंट किंवा वेगळे नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) मिळतात, पण ते सगळ्या गाड्यांना मिळत नाहीत. घ्यायच्या आधी पुढची सस्पेन्शन कुठली आहे ते बघा. बीएमडब्ल्यू ३ सिरीज, ऑक्टाव्हिया आरएस या पुढे स्ट्रटवाल्या. ऑडी ए४ पुढे मल्टिलिंकवाली (चाकाला अनेक दांड्यांनी धरणारी), अल्फा रोमिओ जुलिया डबल विशबोनवाली (वर एक आणि खाली एक आर्म असलेली). शेवटच्या दोन प्रकारांत भूमिती बरीच सोसते. चाकाला लागणारी जागा मात्र त्यांच्यातही तेवढीच.

कंपन्या स्वतः काय करतात तेही बघण्यासारखं आहे. ३ सिरीजच्या जी२० पिढीत एम स्पोर्ट सस्पेन्शन साध्या गाडीपेक्षा फक्त १० मिमी खाली आहे. ज्यांच्याकडे टेस्ट ट्रॅक, सेन्सर आणि हाताखाली इंजिनिअर आहेत ते १० वर थांबतात, आणि आपण फोटो बघून ५० मागतो.

शॉकअपवर मात्र कंजूषी नको. स्प्रिंग कडक झाली की ती परत उसळते तेही जोरात, आणि ती उसळी धरून ठेवणं हे शॉकअपच्या रिबाउंडचं काम. वापरलेल्या मूळ शॉकअपवर कडक स्प्रिंग बसवली की महामार्गावरच्या लाटांवर गाडी टप्प घेत राहते, शेवटी सील फुटून तेल गळतं. बिलस्टाइनची बी८ मालिका कमी उंचीच्या स्प्रिंगसाठीच आखूड केलेली असते, आणि बी१२ मध्ये तीच आयबाख स्प्रिंगसोबत संच म्हणून मिळते. दुसऱ्या बनावटीच्या घेतल्या तरी चालेल, पण जोडी एकमेकांसाठी बनवलेली हवी. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र संच) घ्यायचे तर उंची खालचा बॉडी ब्रॅकेट फिरवून बदलता येणारे घ्या. स्प्रिंगची प्लेट फिरवून उंची बदलणाऱ्यांत गाडी खाली घेतली की शॉकअपचा स्ट्रोकही, म्हणजे त्याला दबायला असलेलं अंतरही, खर्ची पडतो.

स्प्रिंग कापण्याबद्दल दोनच वाक्यं. वेटोळं कापलं की टोक सीटमध्ये नीट बसत नाही, चाक लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून बसवली तर पोलादाचं टेम्परिंगच जातं. कुणी कितीही अनुभवी माणूस सांगू दे, हे करू नका, मागच्या सीटवर तुमचीच माणसं बसतात.

काम करून घेताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा, कारण ती सर्रास राहून जाते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचे कसायचे नसतात. ते ढिले ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, थोडी दाबून बसू द्यायची, आणि नव्या उंचीवर टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर चिरतं. उंची मोजायची तीही चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत. जमिनीपासून मोजली तर टायरची हवा आणि झीज हिशेबात घुसते.

अलाइनमेंट लगेच करा आणि स्प्रिंग बसल्यावर, काहीशे किलोमीटरनंतर, परत करा. आतल्या कडेने टायर खाल्ला की सगळे कॅम्बरला दोष देतात. बहुतेकदा खरा गुन्हेगार टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, हा असतो, आणि तो दुरुस्त करणं सगळ्यात सोपं.

आपल्या गाडीत नक्की किती जागा उरली हे कुणाला विचारायचीही गरज नाही. शॉकअपचं धुळीचं कव्हर वर सरकवा, रॉडवर एक केबल टाय हलकेच आवळा आणि रोजच्या रस्त्यावर, रोजच्या माणसांसकट गाडी फिरवून आणा. टाय जिथवर ढकलला गेलाय तिथवर तुमचा शॉकअप दबला. तो स्टॉपरपासून दोन बोटं लांब राहिला तर तुमच्याकडे खाली घ्यायला थोडी जागा आहे. आत्ताच, कंपनीच्या उंचीवर, तो स्टॉपरपर्यंत पोचत असेल तर स्प्रिंगची ऑर्डर थांबवा. आधी चांगले शॉकअप आणि टायर घ्या. गॅप फारच खुपत असेल तर एक इंच मोठी रिम आणि योग्य ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते ठरवणारं माप) बघा, टायरचा एकूण व्यास मूळचाच ठेवून. चाक कमानीच्या कडेला आलं की गाडी आहे त्याच उंचीवर बरीच भरलेली दिसते.

आणि हेडलाइट तपासून घ्या. काही गाड्यांत मागच्या आर्मवरचा सेन्सर मागे वजन पडलंय असं समजून दिवे खाली झुकवतो आणि रात्री पल्ला कमी होतो. काचेवर कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचं कॅलिब्रेशनही कंपनीच्या उपकरणावर करून घ्या. अलाइनमेंटच्या दिवशीच दोन्ही उरकता येतं.