पदरमोड न करता सैन्यावर प्रेम कसं करावं

परवा सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं. झेंडा फडकवायला माझ्या वडिलांना बोलावलं होतं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, आणि सोसायटीला त्यांची आठवण वर्षातून दोनदा येते. नंतर एका गृहस्थांनी भाषण ठोकलं. बँकेतून वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झालेले, सोसायटीत अभ्यासू म्हणून प्रसिद्ध. विषय संरक्षण खर्चाचा. मुद्दा असा की सगळा पैसा पेन्शन खाते, मग विमानं येणार कुठून? वडील तेव्हा झेंड्याची दोरी खांबाला नीट बांधत उभे होते. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, पोहे झाले. मग हेच गृहस्थ वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हवालदारसाहेब, मिलिटरी कॅन्टीनमधल्या बाटल्यांचा तुमचा या महिन्याचा कोटा शिल्लक आहे का हो? जावई येतायत."

तेव्हा लक्षात आलं की सैन्यावर प्रेम करायची एक रीतसर पद्धत आहे, आणि ती आमच्या घरात कुणालाच कधी जमली नाही. तुम्हाला ती येत असेलच. येत नसेल तर शिकून घ्या, अवघड काही नाही.

सुरुवात आकड्याने करा. एकच पाठ करायचा: २०२५-२६ चं संरक्षण अंदाजपत्रक, ६ लाख ८१ हजार कोटी. हा आकडा छाती फुगवून सांगता येतो आणि कपाळाला हात लावूनही सांगता येतो, म्हणून सोयीचा. पाठोपाठ म्हणायचं, "पण हे जीडीपीच्या दोन टक्केसुद्धा नाही, तीन टक्के पाहिजे." समोरचा गार होतो. फक्त पुढचं वाचू नका. २०२४-२५ साली नव्या शस्त्रखरेदीसाठी आणि बांधकामासाठी १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात त्यातले साडेबारा हजार कोटी कमी करावे लागले, कारण खर्चच होईनात. म्हणजे आहेत ते पैसे वेळेत वापरता येत नाहीत आणि आपण आणखी एक टक्का मागतोय. असले तपशील चर्चेचा रंग घालवतात.

प्रेम यंत्रावर करा. यंत्र आजारी पडत नाही, म्हातारं होत नाही, कोटा विचारला तर ओशाळत नाही. राफेल या फ्रेंच लढाऊ विमानावर करा. २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला आणि २०२० च्या जुलैत पहिली पाच अंबाल्याला उतरली. त्या दिवशी तुम्ही जो व्हिडिओ फॉरवर्ड केलात, त्यात या तेरा वर्षांचा उल्लेख नव्हता. नसावाच. तेजस या देशी लढाऊ विमानावर करा. प्रकल्प मंजूर झाला १९८३ साली, पहिलं उड्डाण २००१ मध्ये, पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, २०१६ मध्ये. तोवर १९६३ साली आलेलं मिग-२१ पोरं उडवत राहिली. ते २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला एकदाचं निवृत्त झालं. त्याला 'उडती शवपेटी' म्हणणारेही आपणच आणि निरोप समारंभ पाहून डोळे पुसणारेही आपणच. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२, हाताशी उरल्या २९. हे गणित भाषणात घेऊ नका, पोह्यांची चव जाते.

तोफांचंही असंच. १९८६ च्या बोफोर्स तोफांच्या करारातल्या दलालीवर आपण तीन निवडणुका पुरेल इतकं बोललो. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरात त्याच तोफा कामी आल्या. त्यानंतरची नवी मोठी तोफ लष्करात रीतसर दाखल झाली ती २०१८ च्या नोव्हेंबरात, आपल्या देवळालीत. मधल्या बत्तीस वर्षांत फायलींवर सह्या करणाऱ्यांपैकी कुणाचं पेन्शन थांबल्याचं ऐकिवात नाही.

सियाचिनचं नाव घेताना आवाज थोडा कापरा ठेवा. पण जवानांना बर्फातले चष्मे आणि बूट वेळेवर मिळत नसल्याचा 'कॅग'चा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल २०२० मध्ये संसदेत आला होता, तो उघडू नका.

आता मुख्य विषय. पेन्शन. इथे तुमची खरी तयारी दिसते.

२०२५-२६ मध्ये संरक्षणाच्या रुपयातले साधारण चोवीस पैसे निवृत्तिवेतनासाठी ठेवले होते, १ लाख ६० हजार कोटी. हा आकडा सांगून लगेच सुस्कारा सोडायचा. 'ओझं' हा शब्द वापरायचा. 'अनुत्पादक खर्च' म्हणालात तर आणखी भाव मिळेल. या रकमेत संरक्षण खात्यातल्या मुलकी कर्मचाऱ्यांचं, म्हणजे आयुष्यात कधी वर्दी न घातलेल्यांचंही पेन्शन असतं, हे सांगायचं नाही. आणि मुख्य म्हणजे साधा शिपाई पस्तिशी-सदतिशीत घरी येतो, हे तर चुकूनही सांगायचं नाही. तो का येतो? कंटाळा येतो म्हणून? सरकारच पाठवतं त्याला! डोंगर चढायला, रात्र रात्र पहारा द्यायला तरणे गडी लागतात, म्हणून पंधरा-सतरा वर्षं झाली की हातात कागद देतं आणि सांगतं, जा आता. वय सदतीस. पोरगी पाचवीत, पोरगा दुसरीत, घरावर कर्ज, गुडघे गेलेले, आणि शिकलेलं काम असं की गावात त्याचं कुणाला काही घेणं नाही. मग तो एटीएमच्या दारात बंदूक घेऊन बसतो. तुम्ही आत जाताना तो उठून दार उघडतो, तुम्ही मान हलवता. ज्या वयात तुम्हाला पहिलं मोठं प्रमोशन मिळतं, त्या वयात त्याची नोकरी संपलेली असते. तुम्ही पुढची तेवीस वर्षं पंख्याखाली बसून दर वर्षी पगारवाढ घेता, पाच दिवसांच्या आठवड्यासाठी संप करता आणि साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडता. आणि मग झेंड्याखाली उभं राहून त्याच्या पेन्शनचा हिशेब काढता! अहो, त्याला तुमच्यासारखं साठपर्यंत ठेवलं असतं, तर त्यानेही पगारच घेतला असता की. पण मग हातात काठी घेऊन ती चौकी कोण चढला असता? तुम्ही?

'वन रँक वन पेन्शन'साठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखं पेन्शन मिळावं म्हणून, म्हातारे फौजी दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते, आठवतं? १४ ऑगस्ट २०१५ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना तिथून हुसकावलं. छातीवर पदकं लावलेल्या माणसांचे शर्ट ओढले गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रोफाइलवर तिरंगा लावलात. पुढे योजना आली, तर थकबाकीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि ती हप्त्याहप्त्याने मिळाली. दर हप्त्यागणिक थकबाकीदार कमी होत होते, कारण माणसं वाट बघता बघता मरतात.

जाऊ दे. मी सल्ले देत होतो.

अग्निवीरांविषयी बोलताना 'शिस्त' आणि 'कौशल्य' हे शब्द पेरा. चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी पगार ३० हजार, त्यातले हातात येतात २१ हजार. शेवटी सेवानिधी म्हणून पावणेबारा लाखांच्या आसपास, त्यातला निम्मा भाग त्याच्याच पगारातून कापलेला. शंभरातले फार तर पंचवीस पुढे कायम होणार. बाकी पंच्याहत्तर जणांनी 'उद्योजक' व्हावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं. छान. तुमच्या थोरल्याला चार वर्षं पाठवा ना मग? कौशल्यही येईल, शिस्तही येईल. नको? त्याचा कॅनडाचा व्हिसा व्हायचाय? हरकत नाही. पहाटे साताऱ्याच्या, बीडच्या, लातूरच्या रस्त्यांवर सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं आहेतच. कोविडच्या नावाखाली दोन वर्षं भरती बंद ठेवली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांची वयं निघून गेली. २०२२ मध्ये एकदाच दोन वर्षांची सवलत देऊन विषय संपवला. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला भरतात. परत येणाऱ्यांना तुमच्या सोसायटीत वॉचमन म्हणून घ्या. तेवढी देशसेवा जमेल.

एकीकडे लष्करात ९० हजारांहून अधिक जवान आणि ८ हजारांहून अधिक अधिकारी कमी असल्याचं संसदीय समितीने २०२५ मध्येच नोंदवलं. ही बातमी आणि अग्निवीरांना घरी पाठवण्याची बातमी एकाच दिवशी वाचू नका, डोकं दुखेल.

सात डिसेंबरला ध्वजदिनाचं तिकीट घेऊन पोरं दारात आली की घरात सुटे नसतात. ही परंपरा जपा.

परदेशी मोहिमांबद्दल शक्यतो अभिमानच ठेवावा, माहिती ठेवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आजवर आपले पावणेतीन लाखांवर जवान जाऊन आले, पन्नासांपेक्षा जास्त मोहिमा झाल्या, आणि दीडशेहून अधिक जण परत आले नाहीत. १९६१ मध्ये काँगोतल्या एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, परमवीर चक्राचे मानकरी. तुमच्या 'जागतिक महासत्ता' या भाषणात त्यांना जागा मिळाली नाही, कारण काँगो नकाशात कुठे आहे हे बघायला वेळ लागतो.

मालदीवमध्ये आपले जेमतेम ऐंशी जण होते, दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान सांभाळायला. तिथल्या सरकारने सांगितल्यावर त्यांना २०२४ च्या मे महिन्यात माघारी यावं लागलं, पण तुम्ही 'बॉयकॉट मालदीव' म्हणत तिथल्या सहलीची तिकिटं रद्द करून तो मोर्चा आधीच लढवला होता.

आणि श्रीलंका? तिचा विषय निघाला तर चहा मागवा. १९८७ च्या जुलैत करार झाला आणि शांतिसेना म्हणून पोरं तिकडे उतरवली. ज्यांच्यात शांतता राखायची त्यांच्यातल्याच एकाशी, म्हणजे लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी, दोन-अडीच महिन्यांत लढाई जुंपली. जवळपास बाराशे जण गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतलेच; २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले. परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला परतली, तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. त्या बाराशे जणांच्या नावांचं स्मारक श्रीलंकेने कोलंबोजवळ बांधलं. परक्या देशाने! कशासाठी पाठवलं होतं, कुणी ठरवलं होतं, याचा जाब आपण कधी कुणाला विचारला? तेव्हा विचारला नाही आणि उद्या आणखी कुठे पाठवलं तर तेव्हाही विचारणार नाही, कारण प्रश्न विचारला की देशद्रोह होतो, आणि फॉरवर्ड केलं की देशप्रेम.

पुरे झाला उपरोध. लाज वाटत नाही तुम्हाला?

टीव्हीवर नकाशा दिसला की तुमच्या तोंडाला फेस येतो. 'घुसून मारा' म्हणता. घुसणार कोण? मरणार कोण? ज्याला मारायला पाठवता तो जिवंत परत आला, तर त्याला दर महिन्याला चार पैसे द्यायची वेळ येते, आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला अर्थशास्त्र आठवतं. शहीद झाला तर तुम्हाला चालतो. चौकात फ्लेक्स लागतो, पालकमंत्री येतात, तुम्ही मेणबत्ती धरून फोटो काढता, आणि महिन्याभरात फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटतात. जिवंत राहिला की मात्र तो ओझं. त्याची घरपट्टी माफ झालेली तुम्हाला खुपते, पोराची राखीव जागा खुपते. त्याच्या कॅन्टीनमधली बाटली तेवढी चालते.

संरक्षण खर्चावर जरूर बोला. बोललंच पाहिजे, पैसा आपला सगळ्यांचा आहे. विमानाला तेरा वर्षं का लागतात ते विचारा. साडेबारा हजार कोटी का पडून राहिले ते विचारा. बूट कुणी अडवले, तोफेची फाईल कुठल्या टेबलावर झोपली होती, श्रीलंकेचा निर्णय कुणाच्या सल्ल्याने झाला, हे विचारा. पण ते विचारायला मंत्र्यासमोर, आमदारासमोर, खासदारासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे तुमची वाचा बसते. तुमचा आवाज चढतो तो दोरी बांधत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासमोर, कारण तो उलटून बोलत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. हुकूम पाळायची सवय आहे त्याला. मला नाही.

दर वर्षी एक फेब्रुवारीला नवा अर्थसंकल्प येतो. संरक्षणाच्या मागण्यांचं पुस्तक सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते पूर्ण वाचा, खरेदीच्या पानापासून सुरुवात करा, आणि वाचून होईपर्यंत पेन्शन या विषयावर तोंड बंद ठेवा.