पाळीची नोकरी आणि प्रार्थनेचा वेळ : एका परिचारिका भगिनीच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय भगिनी,

सप्रेम सलाम. नोकरी सांभाळून आत्मिक वाढ कशी साधावी, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात मांडतो. दिवसातला काही वेळ प्रार्थनेसाठी व वचनाच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनासाठी राखून ठेवावा आणि आठवड्यातला एक दिवस विसाव्याचा मानावा, असे मी लिहिले होते. आपण रुग्णालयात फिरत्या पाळीत काम करता. हा सल्ला ठरलेल्या वेळेत कार्यालयात जाऊन येणाऱ्यांना शोभतो. रात्रपाळी करून घरी आल्यावर मुलांचे डबे आणि सासूबाईंची औषधे जिच्यासमोर वाट पाहत असतात, तिला तो केवळ अपराधी वाटायला लावतो, असे आपले म्हणणे आहे. शिवाय रुग्णाची सेवा हीच प्रार्थना असेल तर वेगळा वेळ हवाच कशाला, असे विचारून आपण बायबलमधील नहेम्याचा आणि पॅरिसच्या कार्मेल मठातील स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्स यांचा दाखला दिला आहे. शेवटी आपण विचारता, ‘मग मी नोकरी सोडू का?’

अपराधीपणाविषयी आपण लिहिलेत ते खरे आहे आणि त्याचे मूळ आपल्या मंडळ्यांमधील, म्हणजे ख्रिस्ती उपासक-समाजांमधील, शिकवणीत आहे. पहाटे उठून तासभर गुडघ्यांवर राहणारा तो खरा भक्त, असे चित्र आपल्याकडे लहानपणापासून मनावर ठसवले जाते. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहेच. परंतु रात्रभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या बाईने सकाळी झोप मोडून तेच करावे, असा नियम त्यातून काढणे म्हणजे वचनाचा नुसता सांगाडा उचलणे होय. १२७ व्या स्तोत्रात तर पहाटे उठणे, रात्री उशिरापर्यंत जागणे आणि कष्टाची भाकर खाणे व्यर्थ आहे, असे म्हणून झोप ही देवाची देणगी मानली आहे. रात्रपाळीनंतर आपण झोपता, तेव्हा भक्तीत खंड पडला असे मी तरी मानणार नाही.

मात्र आपण दिलेल्या दाखल्यांतून आपला निष्कर्ष निघत नाही, असे मला नम्रपणे म्हणावयाचे आहे. पारसाच्या अर्तहशश्त राजाने ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारताच त्याचा प्यालेबरदार (त्याला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक) नहेम्या क्षणभर मनातल्या मनात देवाची प्रार्थना करतो आणि लगेच उत्तर देतो. कामाच्या मध्यावर, वरिष्ठांसमोर उभ्या-उभ्या केलेली ही प्रार्थना आपल्याला जवळची वाटावी, हे स्वाभाविक आहे. पण ती नहेम्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, निसान या यहुदी महिन्यात येते. यरुशलेमेची दुर्दशा नहेम्याला कळली ती किसलेव महिन्यात, आणि तेव्हापासून तो उपास करीत, रडत, रात्रंदिवस प्रार्थना करीत होता. म्हणजे त्या एका क्षणामागे सुमारे चार महिन्यांची प्रार्थना उभी आहे. ब्रदर लॉरेन्स यांच्याबाबतीत आपला मुद्दा अधिक बळकट आहे, कारण नेमलेली प्रार्थनेची वेळ आणि भांडी घासण्याची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तरीही ते ज्या घरात राहत होते तिथे प्रार्थनेच्या घटका ठरलेल्या होत्या, संसार नव्हता, घरभाड्याची चिंता नव्हती आणि रात्री अकराला ‘उद्या लवकर या’ असा निरोप येत नव्हता. त्यांच्या कामात प्रार्थना झिरपली ती या शिस्तीच्या आधाराने आणि तीही आरंभीच्या अनेक वर्षांच्या घुसमटीनंतर.

आता माझ्या लेखाच्या गाभ्याकडे येतो. वेगळा वेळ राखावा तो देवाला खूश करण्यासाठी नव्हे. नोकरीच्या हक्काला कुठेतरी सीमा आहे, हे आपण स्वतःला आणि जगाला सांगावे म्हणून तो राखावयाचा. या दृष्टीने दानिएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचून पाहावा. दानिएल मठात राहणारा नव्हता. १२० प्रांताधिकाऱ्यांवर नेमलेल्या तीन अध्यक्षांपैकी तो एक होता, म्हणजे त्या काळच्या मानाने अत्यंत जबाबदारीचा शासकीय अधिकारी. त्याच्या कारभारात शत्रूंना एकही दोष सापडला नाही, हे वचन मुद्दाम नोंदवते. म्हणून त्यांनी राजाकडून हुकूम काढवला, की तीस दिवस राजाखेरीज कोणाकडेही, देवाकडेही, मागणे करू नये. दानिएलाने काय केले? नवे काहीच नाही. ‘पूर्वीप्रमाणे’ दिवसातून तीनदा यरुशलेमेच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीशी गुडघे टेकले. नोकरीत तो पूर्णपणे राजाचा होता. त्या तीन वेळा मात्र राजाच्या नव्हत्या. ‘माझे काम हीच माझी प्रार्थना’ एवढेच म्हणून तो थांबला असता, तर त्या हुकमाने त्याचे काहीच अडले नसते.

मला भीती वाटते ती याचीच. ‘काम हीच उपासना’ हे वाक्य आज आपल्यापेक्षा व्यवस्थापनाला अधिक आवडते. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वचन ख्रिस्ती संस्थांच्या कचेऱ्यांतही चौकटीत लावलेले असते. परंतु ते वचन मुळात दासांना उद्देशून आहे आणि चौथा अध्याय उघडताच धन्यांना बजावले आहे, की दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. पहिले वचन लावायचे आणि दुसरे झाकायचे, हा व्यवहार मला मान्य नाही. शब्बाथाची, म्हणजे साप्ताहिक विसाव्याच्या दिवसाची, आज्ञाही बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अशाच कारणाने दिली आहे : तुझ्या दासाला व दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. विसाव्याचा दिवस हा धार्मिक माणसाचा छंद नसून राबणाऱ्याचा हक्क आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. आपला साप्ताहिक ऑफ मंगळवारी येत असेल, तर मंगळवारी तो हक्क बजवावा.

ठरवलेला वेळ हुकला तर काय, हा आपला पुढचा प्रश्न असणार. त्यासाठी मला मार्काचा सहावा अध्याय सर्वांत उपयोगी वाटतो. शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, हे पाहून येशू त्यांना विसाव्यासाठी एकांती घेऊन निघतो, पण लोकसमुदाय किनाऱ्यावर आधीच येऊन उभा असतो. येशू त्यांना परतवत नाही. त्याला कळवळा येतो, तो शिकवतो, मग हजारोंना जेवू घालतो. संध्याकाळी मात्र तो शिष्यांना मचव्यात बसवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. बेत मोडला, तो पुन्हा बसवला. आपल्या वॉर्डात ऐनवेळी तातडीचा रुग्ण आला तर त्याला सोडून कोणी स्तोत्र म्हणत बसू नये. त्या दिवशीचा वेळ दुसरीकडे सरकतो, रद्द होत नाही, एवढाच माझा आग्रह आहे. पाळी बदलणाऱ्याने तो घड्याळाला न बांधता कामातल्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधावा. गणवेश घालताना, हँडओव्हर घेण्यापूर्वी, घरी परतताना बसमध्ये. एकच छोटे स्तोत्र आठवडाभर पुरते. रात्रपाळीसाठी १३४ वे घ्यावे. अवघ्या तीन ओव्यांचे, आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून आहे.

आपल्याकडील एक दाखलाही इथे आठवतो. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने उघड्यावर आलेल्या शेकडो मुलींचे अन्न, शिक्षण आणि हातांना काम यांचा भार पंडिता रमाबाई वाहत होत्या, आणि त्यांच्याइतके काम कोणाला होते असे म्हणणे कठीण. तरी १९०५ च्या आरंभी त्यांनी मुलींना रोज वेगळे जमून प्रार्थना करण्यास बोलावले. सेवा चालूच आहे, तीच प्रार्थना समजा, असे त्या म्हणाल्या नाहीत.

आपल्या प्रतिक्रियेतील एका ओळीकडे मात्र मंडळ्यांनी लक्ष द्यावे : ‘रविवारी सकाळची उपासना मला महिन्यातून एकदा मिळते.’ याचे उत्तर एकट्या परिचारिकेने शोधावयाचे नाही. सन ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजन याला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमून ख्रिस्ताचे स्तवन गातात, अशी नोंद आहे. त्याने ज्या दोन सेविकांचा छळ करून माहिती काढली त्या दासी होत्या. रविवार सुटीचा दिवस झाला तो कॉन्स्टंटाइनच्या ३२१ च्या आज्ञेने. त्यापूर्वीची जवळजवळ तीन शतके मंडळी राबणाऱ्यांच्या सवडीने जमत होती. आज आपल्या शहरांत परिचारिका, रेल्वे कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि कॉल सेंटरमधील तरुण हेच मंडळीचे घटक असताना, रविवारी सकाळी साडेआठ याच वेळेला आपण एवढे पावित्र्य का चिकटवावे, हे मला उमगत नाही. पंचकमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, आठवड्यातील एका संध्याकाळी प्रभुभोजनासह उपासना ठेवली, तर कोणत्याही सिद्धान्ताला बाधा येणार नाही.

नोकरी सोडण्याविषयी : नाही, सोडू नये. प्रेषित पौलाने करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्यासोबत तंबू शिवून पोट भरले आणि त्यामुळे त्याची सुवार्ता उणी झाली नाही. मात्र ‘डबल ड्युटी करता का?’ या विचारण्याला दरवेळी हो म्हणण्याची सवय असेल, तर ती सोडण्याचा विचार करावा. घरच्या गरजेपोटी होकार देणे वेगळे आणि नकार देण्याची भीती वाटते म्हणून देणे वेगळे, आणि यांतले आपले कोणते हे आपल्यालाच ठाऊक. आपल्या मंडळीत पाळीत काम करणारे आणखी किती जण आहेत आणि त्यांना कोणता वार, कोणती वेळ सोयीची पडेल, हे विचारून आपण पाळकसाहेबांना लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे. पत्राचा मसुदा हवा असल्यास मी आनंदाने लिहून देईन.

प्रभूमध्ये आपला बंधू,
लेखक